कवचांचा पत्ता

१८५० च्या दशकात अटलांटिक महासागराच्या तळावरून तारायंत्राची केबल टाकण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा तळ कसा आहे हे आधी पाहणे भाग होते. जहाजावरून वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजली जाई आणि वजनाला जोडलेल्या नळीतून तळाचा चिमूटभर चिखल वर येई. अमेरिकी नौदलाने गोळा केलेले असे काही नमुने वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतले प्राध्यापक जेकब बेली यांच्याकडे पोहोचले. बेलींनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. खडे नाहीत, वाळू नाही. इतक्या खोलीवरचा तो चिखल फुगीर कप्प्यांच्या चिमुकल्या चुनखडी कवचांचा बनलेला होता.

ही कवचे ज्यांची, ते जीव राहत कुठे? जिथे कवच सापडले तिथेच, म्हणजे काळोख्या, थंडगार तळावर? की वरच्या उजेडातल्या पाण्यात, आणि मेल्यावर त्यांचे कवच तेवढे खाली उतरले? बेलींचा कल दुसऱ्या उत्तराकडे होता. बर्लिनचे ख्रिस्टियन एरेनबर्ग हे त्या काळातले सूक्ष्मजीवांचे मोठे जाणकार. ते तळाच्या बाजूने होते. वाद वीस वर्षे चालला, कारण दोन्ही पक्षांच्या हातात पुरावा एकच होता : तळावरचे रिकामे कवच.

डिसेंबर १८७२ मध्ये ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज पोर्ट्समथहून जगभरच्या समुद्राचा अभ्यास करायला निघाले, तेव्हा मोहिमेचे प्रमुख चार्ल्स वायव्हिल थॉमसन हेही तळाच्याच बाजूचे होते. जहाजावरचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ जॉन मरे याने मात्र बारीक रेशमी जाळी वरच्या पाण्यातून ओढायला सुरुवात केली. त्याच्या जाळीत त्याच जातींची कवचे आली आणि ती जिवंत होती. आत जीवद्रव्य होते, कवचाभोवती केसांहून बारीक असे लांब काटे होते. तळाच्या चिखलातल्या कवचांत यातले काहीही नव्हते. शिवाय ज्या भागात पृष्ठभागाजवळ जी जात विपुल, त्या भागाच्या तळावरही तीच जात विपुल असे. थॉमसन यांनी आपले मत बदलले. मोहीम १८७६ मध्ये परतली, तोवर हा प्रश्न मिटल्यासारखा होता. हे जीव वर जगतात आणि मेल्यावर खाली पडतात.

उत्तर बरोबर होते, पण ‘वर’ म्हणजे नेमके किती वर? पाण्याच्या पहिल्या दहा मीटरांत आणि तीनशेव्या मीटरवर फार फरक असतो. उजेड वेगळा, तापमान वेगळे, खाणेपिणे वेगळे. या चिमुकल्या जीवांचा खोलीतला पत्ता शोधण्यात पुढची शंभर वर्षे गेली. आज आपण लाखो वर्षांपूर्वीचे समुद्राचे तापमान किंवा मोसमी वाऱ्यांचा जोर सांगतो, तो या पत्त्याच्या भरवशावर. पत्ता चुकला तर आकडाही चुकतो.

घर पाठीवर घेतलेली पेशी

या जीवांचे नाव फोरामिनिफेरा. अभ्यासक लाडाने ‘फोरॅम’ म्हणतात. १८२६ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आल्सिद द’ऑर्बिन्यी यांनी या गटाला हे नाव दिले. वेटोळी, कप्प्याकप्प्यांची कवचे पाहून त्यांना वाटले की हे नॉटिलससारखे, अगदी छोटे मृदुकाय प्राणी असावेत. १८३५ मध्ये फेलिक्स द्युजार्दँ यांनी जिवंत नमुने पाहून दाखवून दिले की आत प्राणी वगैरे कोणी नाही. आत आहे ती एकच पेशी. ती पेशी कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या खनिजाचे, कवच घडवते, वाढेल तसा त्याला एकेक नवा, आधीच्यापेक्षा मोठा कप्पा जोडते, आणि कवचातल्या छिद्रांतून जीवद्रव्याचे चिकट धागे बाहेर सोडून अन्न पकडते.

फोरॅमच्या हजारो जाती समुद्रतळावर राहतात. पाण्यात तरंगणाऱ्या, म्हणजे प्लवक जाती मात्र जेमतेम पन्नास आहेत. बहुतेकांचे कवच मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून एक मिलिमीटरपर्यंत भरते. पन्नास जातींचा हा लहानसा गट सगळ्या महासागरांत पसरला आहे आणि खोल समुद्राच्या तळावर त्याच्या कवचांचे थरच्या थर साचले आहेत. या गाळाला ‘ग्लोबिजेरिना ऊझ’ म्हणतात. ग्लोबिजेरिना ही त्यातली एक प्रसिद्ध प्रजाती.

कोकणच्या किनाऱ्यावरची वाळू भिंगाखाली धरली तर फोरॅम दिसतात, पण ते बहुधा तळावर राहणारे असतात. तरंगणाऱ्या जातींना उथळ पाणी मानवत नाही. त्यांच्या जीवनचक्राला खाली-वर जाण्यापुरती खोली लागते, ती किनाऱ्यालगत मिळत नाही. त्यामुळे किनाऱ्यापासून जसजसे खोल पाण्याकडे जावे तसतसे गाळातल्या प्लवक फोरॅमचे प्रमाण वाढत जाते. उथळ भागात ते नगण्य असते, तर खोल समुद्रात बहुतेक कवचे त्यांचीच असतात. तेलविहिरीतून वर आलेल्या खडकाच्या कणांत हे प्रमाण मोजून कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र किती खोल होता याचा अंदाज भूवैज्ञानिक करतात. पत्ता शोधण्याचा हा सर्वांत ढोबळ प्रकार झाला.

जाळीची अडचण

नेमका पत्ता हवा असेल तर जीव जिवंत असताना, त्याच्या खोलीवरच पकडायला हवा. इथे साधी जाळी कामाची नाही. समजा जाळी दोनशे मीटर खाली सोडली आणि सरळ वर ओढली. तिच्यात आलेला फोरॅम एकशे नव्वदाव्या मीटरवर शिरला की पाचव्या, हे कळायला काही मार्ग नाही. १९५९ ते १९६५ या काळात झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत प्लवक गोळा करण्यासाठी ठरवलेली प्रमाण पद्धत हीच होती. एका ठरावीक बनावटीची जाळी दोनशे मीटरवरून पृष्ठभागापर्यंत उभी ओढायची. वेगवेगळ्या देशांच्या जहाजांनी आणलेले नमुने एकमेकांशी ताडून पाहता यावेत, हा त्यामागचा हेतू. तो चांगला साधला आणि कुठल्या भागात प्लवक किती आहे याचा नकाशा तयार झाला. पण तो नकाशा वरून पाहिलेला होता. त्यात खोली नव्हती. याच मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावला येथे आहे आणि या प्रकरणात ती पुन्हा भेटणार आहे.

खोली कळायची तर जाळी मिटलेली खाली जायला हवी, ठरलेल्या खोलीवर उघडायला हवी आणि वर येण्यापूर्वी पुन्हा मिटायला हवी. पूर्वी यासाठी दोरावरून एक वजन घसरत खाली सोडत. ते जाळीच्या कळीवर आदळले की तोंड बंद होई. पुढे एकाच चौकटीत अनेक जाळ्या बसवून त्या जहाजावरून विजेच्या संदेशाने एकापाठोपाठ एक उघडण्याची सोय झाली. एका फेरीत शंभर ते साठ मीटरचे पाणी एका जाळीत, साठ ते चाळीसचे दुसरीत, असे वेगवेगळे मिळू लागले.

तरीही एक पेच उरतोच. खोल पाण्यातल्या जाळीत वरून पडत आलेली रिकामी कवचेही सापडतात. म्हणून नमुन्यात रोझ बेंगाल नावाचा गडद गुलाबी रंग घालतात. जीवद्रव्य असलेली कवचे रंग धरतात, रिकामी पांढरीच राहतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलून मोजायचे. एका घनमीटर पाण्यात अनेकदा दहा-वीसच फोरॅम असतात, त्यामुळे एका थराचे चित्र मिळवायला बरेच पाणी गाळावे लागते.

कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट भूवैज्ञानिक वेधशाळेतले ॲलन बे यांनी हे चिकाटीचे काम अनेक वर्षे केले. १९७७ मध्ये त्यांनी जातींची तीन गटांत मांडणी केली. पहिल्या पन्नास मीटरांत राहणाऱ्या उथळ जाती, पन्नास ते शंभर मीटरांतल्या मधल्या जाती, आणि शंभर मीटरांखाली प्रौढपण घालवणाऱ्या खोल जाती. पुढे या मांडणीत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी सांगाडा टिकला.

कोण कुठे, आणि का

उथळ गटात उष्ण समुद्रातल्या दोन जाती ठळक दिसतात : ग्लोबिजेरिनॉइडीस रुबेर आणि ट्रायलोबॅटस सॅक्युलिफर. दोघींच्या अंगावर काटे असतात आणि दोघी शेवाळ पाळतात. त्यांच्या जीवद्रव्यात डायनोफ्लॅजेलेट गटातली सूक्ष्म, एकपेशीय शेवाळे राहतात. सॅक्युलिफरची शेवाळे दिवस उजाडला की काट्यांवरून बाहेर पसरतात, उन्हात अन्न तयार करतात आणि रात्री पुन्हा कवचात परततात. यजमानाला साखर मिळते, शेवाळाला आसरा आणि नत्र-स्फुरद मिळते. ही भागीदारी चालायची तर ऊन हवे, म्हणून या जाती फार खाली जाऊ शकत नाहीत. वरच्या थरातल्या पाण्यात पोषकद्रव्ये कमी असतात. तिथे अशी घरची शेती असणे फायद्याचे ठरते. त्याशिवाय काट्यांत अडकलेले कोपेपॉडसारखे छोटे कवचधारी प्राणीही या जाती खातात. एका पेशीने आपल्याएवढा प्राणी धरून पचवावा, हे पाहताना नवल वाटते.

साधारण पन्नास ते दीडशे मीटरांच्या पट्ट्यात तापमान झपाट्याने उतरू लागते. या उताराला थर्मोक्लाईन म्हणतात. उष्ण समुद्रात पृष्ठभागी अठ्ठावीस अंश सेल्सिअस असलेले पाणी दोनशे मीटरवर पंधराच्या आसपास येते. याच पट्ट्यात एक गंमत घडते. वरून क्षीण का होईना उजेड पोहोचतो आणि खालून पोषकद्रव्ये येतात. दोन्ही मिळतात त्या खोलीवर वनस्पती-प्लवकांची दाटी होते. १९८० मध्ये रिचर्ड फेअरबँक्स आणि पीटर वीबी यांनी दाखवले की अनेक फोरॅम जाती हरितद्रव्याच्या या दाट थरालाच धरून राहतात. निओग्लोबोक्वाड्रिना ड्युटर्ट्री ही त्यातलीच. तिच्या अंगावर काटे नाहीत. ती मुख्यतः वनस्पती-प्लवकांवर जगते. या थरासोबत तिचा मुक्कामही वर-खाली सरकतो. हा थर चाळीस मीटरवर असेल तर ती तिथे असते, शंभरावर गेला तर तीही शंभरावर जाते.

म्हणून ‘अमुक जात अमुक मीटरवर राहते’ असे ठाम विधान करता येत नाही. या जीवांना मीटर कळत नाहीत. त्यांना उजेड, तापमान, अन्न आणि पाण्याची घनता कळते. त्या गोष्टी ज्या खोलीवर जुळतात तिथे ते असतात आणि ती खोली ऋतूप्रमाणे, समुद्राप्रमाणे बदलते.

हा नियम फोरॅमपुरता नाही. कोकोलिथोफोर ही चुन्याच्या सूक्ष्म चकत्या अंगावर चढवणारी शेवाळे आहेत. ती उन्हावर जगतात म्हणून बहुतेक वरच असतात. तरी फ्लोरिस्फेरा प्रोफुंडा नावाची त्यांतली एक जात शंभर ते दोनशे मीटरच्या अंधूक उजेडात रमते. गाळात तिच्या चकत्या वाढलेल्या दिसल्या की त्या काळी पोषकद्रव्यांचा थर खोल गेला होता असे अभ्यासक समजतात. टेरोपॉड हे पंखांसारख्या पायांनी पोहणारे चिमुकले गोगलगायींचे नातेवाईक रोज रात्री वर येतात आणि दिवसा खाली जातात. फोरॅमला पोहता येत नाही. त्यांच्या खोलीतल्या हालचाली फार संथ असतात आणि त्या आयुष्यभर चालतात.

पौर्णिमा आणि अधोगमन

हॅस्टिजेरिना पेलाजिका ही जात बर्म्युडाजवळच्या पाण्यातून पकडून प्रयोगशाळेत ठेवली, तेव्हा तिच्या प्रजननाचे वेळापत्रक चंद्राशी बांधलेले आढळले. पौर्णिमेनंतर तीन ते सात दिवसांत बहुतेक जीव युग्मके, म्हणजे प्रजननाच्या पेशी, सोडत. तांबड्या समुद्रातल्या सॅक्युलिफरमध्येही पौर्णिमेच्या आसपास प्रजनन होते असे दिसले. यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. एकेक फोरॅम लाखो युग्मके पाण्यात सोडतो आणि त्यांची दुसऱ्याच्या युग्मकांशी गाठ पडायला हवी. एवढ्या विरळ वस्तीत सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच थरात जमणे गरजेचे आहे.

प्रजननापूर्वी सॅक्युलिफर आपले काटे गाळते, जड होते आणि थर्मोक्लाईनकडे उतरते. उतरता उतरता कवचावर कॅल्साइटचा आणखी एक थर चढवते. युग्मके सोडली की पेशी संपते आणि कवच रिकामे पडू लागते. म्हणजे ज्या जातीला आपण ‘उथळ’ म्हणतो, तिच्या कवचाचा शेवटचा काही भाग खालच्या, थंड पाण्यात तयार झालेला असतो.

ग्लोबोरोटॅलिया ट्रंकॅट्युलिनॉइडीस या जातीत हे अधोगमन फार लांबचे आहे. तिचे आयुष्य वर्षभराचे. हिवाळ्यात समुद्राचे वरचे पाणी थंड होऊन ढवळले जाते, त्याबरोबर तिची पिल्ले पृष्ठभागाजवळ येतात. पुढच्या महिन्यांत ती वाढत वाढत कित्येक शे मीटर खाली जाते आणि तिथे कवचावर जाड आवरण चढवते. एकाच कवचाचे आतले कप्पे उन्हाच्या पाण्यात घडलेले असतात आणि बाहेरचे आवरण काळोख्या पाण्यात. हिचा पत्ता सांगायचा तर एक खोली पुरत नाही. प्रवासच सांगावा लागतो.

कवचाच्या आतली नोंद

जाळीने आजचा पत्ता कळतो. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या फोरॅमचा पत्ता कवचालाच विचारावा लागतो.

कॅल्साइटमध्ये ऑक्सिजन असतो. निसर्गात बहुतेक ऑक्सिजन १६ अणुभाराचा असतो, थोडासा १८ चा; ही त्याची समस्थानिके. १९४७ मध्ये हॅरल्ड यूरी यांनी दाखवले की पाणी जितके थंड, तितका कॅल्साइटमध्ये जड ऑक्सिजनचा वाटा किंचित जास्त. तापमान चार-पाच अंशांनी उतरले की हा वाटा हजारात एका भागाने वाढतो. हा फरक वस्तुमान-वर्णपटमापकाने मोजता येतो.

शिकागो विद्यापीठात यूरींच्या गटात काम करणारे चेझारे एमिलियानी यांना एक युक्ती सुचली. तळाच्या एकाच नमुन्यातून वेगवेगळ्या जातींची कवचे वेगळी काढायची आणि प्रत्येक जातीचे तापमान स्वतंत्र मोजायचे. सगळ्या त्याच ठिकाणी, साधारण त्याच काळी जगलेल्या. मग एकीचे तापमान सत्तावीस अंश आणि दुसरीचे सोळा का यावे? कारण त्या वेगवेगळ्या खोलीवर जगल्या. १९५४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, म्हणजे ॲलन बे यांच्या मांडणीच्या वीसेक वर्षे आधी, आणि तेही जाळी न टाकता. पुढे जाळ्यांनी जे दाखवले ते या क्रमाशी बरेचसे जुळले.

समुद्रतळाच्या गाळाचे कोडे इथे नीट कळते. चाळीच्या सगळ्या मजल्यांवरची पत्रे खालच्या एकाच पेटीत पडावीत, तशी सगळ्या थरांतली कवचे तळावर एकत्र पडतात. पेटीतल्या पत्रांची सरासरी काढून काही हाती लागत नाही. अक्षर ओळखून कोणते पत्र कोणत्या मजल्याचे ते आधी वेगळे करावे लागते. जात आणि समस्थानिक ही इथली अक्षरओळख. एकदा ती झाली की ही सरमिसळच उपयोगी पडते. उथळ जातीच्या आणि थर्मोक्लाईनमधल्या जातीच्या समस्थानिकांतला फरक मोठा असेल तर वरचे पाणी आणि खालचे पाणी यांत तापमानाचा तीव्र उतार होता. फरक कमी असेल तर पाणी ढवळलेले होते. एका चमचाभर गाळातून समुद्राचा उभा छेद मिळतो.

खाली पोहोचेपर्यंत

मोठे रिकामे कवच दिवसाला कित्येक शे मीटर, कधी हजार मीटरहूनही जास्त वेगाने पडते. चार किलोमीटर खोलीचा तळ ते काही दिवसांत गाठते, लहान कवचांना काही आठवडे लागतात. या वाटेत प्रवाह त्यांना बाजूला वाहून नेतात, तरी वरच्या वस्तीचा ठसा तळावर बऱ्यापैकी शाबूत उतरतो. मरे यांना तो म्हणूनच दिसला.

पण मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. एका मर्यादेपलीकडच्या खोलीवर चुन्याची कवचे गाळातून नाहीशी होतात आणि तळाशी नुसती तांबडी चिकणमाती उरते. वर तर त्याच जाती जगत असतात. मग कवचे जातात कुठे? ती विरघळतात. खोल पाणी थंड असते, त्यावर प्रचंड दाब असतो आणि वरून पडलेले जैव पदार्थ कुजून त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. या तिन्हींमुळे कॅल्साइटची विद्राव्यता वाढते.

१९६० च्या दशकात मेल्विन पीटरसन यांनी प्रशांत महासागरात एका दोरावर वेगवेगळ्या खोलींवर कॅल्साइटचे गुळगुळीत गोळे टांगून ठेवले आणि काही महिन्यांनी काढून तोलले. साधारण ३,७०० मीटरपर्यंत गोळे फारसे झिजले नव्हते, त्याखाली झीज एकदम वाढली होती. वुल्फगँग बर्गर यांनी खऱ्या फोरॅम कवचांवर असाच प्रयोग केला आणि झीज वाढते त्या पातळीला ‘लायसोक्लाईन’ हे नाव दिले. त्याच्याही खाली, जितका चुना पडतो तितका सगळा विरघळतो, अशी भरपाईची खोली येते. ती प्रशांत महासागरात साधारण साडेचार किलोमीटरवर आहे, अटलांटिकमध्ये पाच किलोमीटरच्या आसपास. प्रशांतचे खोल पाणी जुने असते आणि त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त साठलेला असतो. टेरोपॉडांचे कवच ॲरागोनाइटचे, म्हणजे चुन्याच्याच दुसऱ्या खनिजरूपाचे, असते; ते याहून पुष्कळ वरच विरघळते.

सगळी कवचे सारखी विरघळत नाहीत. रुबेरसारख्या उथळ जातींची कवचे पातळ आणि सच्छिद्र असतात, ती आधी जातात. ग्लोबोरोटॅलियासारख्या खोल जातींची कवचे जाड असतात, ती टिकतात. म्हणजे उष्ण पाण्यातल्या जाती यादीतून आधी गळतात आणि गाळ प्रत्यक्षाहून थंड समुद्राची साक्ष देतो. गाळ वाचणाऱ्याने कवचांच्या कडा झिजल्या आहेत का हे आधी पाहायचे आणि मगच तापमानाचा आकडा काढायचा.

अरबी समुद्राची साक्ष

‘चॅलेंजर’ अरबी समुद्रात शिरले नाही. १९१४ मध्ये मरे वारले. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावरून अरबी समुद्राची मोहीम निघाली. तिचे नेतृत्व भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक सेमूर सेवेल यांनी केले. या मोहिमेने नोंदवलेली एक ठळक गोष्ट अशी की अरबी समुद्राच्या मधल्या थरात, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्या पलीकडेपर्यंत, ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. वरच्या भरघोस उत्पादनाचा कचरा कुजताना तो वापरला जातो. तरी हा थर निर्जीव नाही. ग्लोबोरोटॅलॉइडीस हेक्सॅगोनस नावाचा फोरॅम कमी ऑक्सिजनच्या पाण्यात चांगला जगतो. गाळात तो वाढला की ऑक्सिजनहीन थर त्या काळी प्रबळ होता असा अंदाज बांधता येतो.

वरच्या थरातली हालचाल मोसमी वाऱ्यांच्या ताब्यात आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत जोराने वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, पोषक पाणी वर येते. एरवी समशीतोष्ण आणि त्याहून थंड समुद्रांत आढळणारी ग्लोबिजेरिना बुलॉइडीस ही जात अशा वेळी इथे एकदम वाढते. तिला ऊब नको असते, भरपूर अन्न हवे असते. तळाच्या गाळात तिची टक्केवारी जास्त दिसली की वर पाणी जोराने उसळत होते, म्हणजे मोसमी वारा जोरात होता, असे ताडता येते.

हे गृहीतक तपासायला कवचे पडताना मोजणे गरजेचे होते. १९८६ पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांत गाळ-सापळे टांगले. हे नरसाळ्यासारखे मोठे सापळे खोल पाण्यात स्थिर राहतात आणि वरून पडणारे कण ठरावीक दिवसांनी बदलणाऱ्या बाटल्यांत जमा करतात. आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये जे निष्कर्ष छापले त्यांत कणांचा पाऊस वर्षभर सारखा नव्हता. तो नैर्ऋत्य मोसमात वाढत होता आणि हिवाळ्याच्या ईशान्य मोसमात पुन्हा. मोसमी वाऱ्याचा ताल काही आठवड्यांत हजारो मीटर खाली पोहोचत होता.

या आधारावर २००३ मध्ये खरगपूरच्या आयआयटीतले अनिल गुप्ता आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी ओमानजवळच्या गाळातल्या बुलॉइडीसची मोजदाद प्रसिद्ध केली. त्यातून गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचा मोसमी वाऱ्यांचा चढउतार उभा राहिला. वारे ज्या काळांत मंदावले, ते काळ उत्तर अटलांटिकच्या थंडीच्या काळांशी जुळत होते. अलीकडचे ‘छोटे हिमयुग’ हे त्यांपैकी एक. आपल्या पावसाचा इतिहास सांगणारी ही नोंद पर्जन्यमापक येण्याच्या हजारो वर्षे आधीची आहे. ती वाचता आली, कारण बुलॉइडीस कुठल्या पाण्यात आणि कधी वाढते हे आधी पक्के झाले होते.

पत्ता बदलतो आहे

‘चॅलेंजर’वरून आणलेली कवचे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत. २०२० मध्ये लिंडसी फॉक्स आणि सहकाऱ्यांनी त्यांतली प्रशांत महासागरातली काही कवचे ‘तारा’ या जहाजाने एकविसाव्या शतकात गोळा केलेल्या त्याच जातींच्या कवचांशी क्ष-किरणांनी ताडून पाहिली. नवी कवचे पातळ निघाली. ड्युटर्ट्रीच्या बाबतीत तर भिंत ७६ टक्क्यांपर्यंत पातळ झालेली होती. दक्षिण महासागरातल्या बुलॉइडीसची आजची कवचेही गाळातल्या जुन्या कवचांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने हलकी असल्याचे २००९ मध्येच दिसले होते. हवेतला जादा कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषतो, पाण्यातला कार्बोनेट घटतो आणि कवच बांधणे महाग पडते.

याचा परिणाम दोन्ही टोकांना होतो. वर कवच पातळ होते. खाली, हा कार्बन खोल पाण्यापर्यंत पोहोचला की विरघळण्याची पातळी वर सरकते आणि पूर्वी साचलेला चुनाही विरघळू लागतो. त्या विरघळण्यात समुद्राची आम्लता हळूहळू उतरवण्याची ताकद आहे. समुद्रतळावरचा हा पांढरा गाळ म्हणजे पृथ्वीकडचा फार मोठा आम्लनाशक साठा आहे. पण त्याचा वेग हजारो वर्षांच्या हिशेबातला आहे, आणि आपण हवेत कार्बन सोडतो तो दशकांच्या हिशेबात. वरच्या थरात आज जगणाऱ्या फोरॅमना तळाच्या या मदतीची वाट पाहता येणार नाही. उष्ण होत चाललेल्या समुद्रात थर्मोक्लाईन आणि तिला धरून असलेला अन्नाचा थर जिकडे सरकेल तिकडे त्यांना जावे लागेल. त्यामुळे जुन्या गाळाचा अर्थ लावण्यासाठी आपण बांधलेली जात-आणि-खोलीची यादीही पुन्हा पुन्हा जाळी टाकून तपासावी लागणार आहे.